मशालीच्या तीन फेऱ्या

शनिवारी साताऱ्याला होते. विभागीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन होतं आणि मला वक्ता म्हणून बोलावलं होतं. दोन दिवस झाले, राग अजून उतरत नाही… म्हणून लिहितेय.

पत्रिकेवर सकाळी नऊची वेळ होती. पण आपल्याकडे नऊचा कार्यक्रम साडेदहाला उभा राहतो, हे मी इतक्या वर्षांच्या भाषणांतून शिकले आहे. म्हणून सांगलीहून निवांत निघाले. वाटेत रहिमतपूरला मैत्रिणीकडे पोहे खाल्ले, आग्रहाचा दुसरा चहाही घेतला.

पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. स्टेजवर नेऊन बसवलं आणि लगेच क्रीडाज्योत निघाली. एक सडपातळ मुलगी लोखंडी मशाल उंच धरून मैदानाला फेरी घालत होती, मागे धुराचा पट्टा… अंगावर काटा आला. मी व्हिडिओ काढला आणि तिथूनच स्टेटसला टाकला. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्यावर बदाम पाठवलेत.

मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, गुच्छ, फोटो. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. उद्घाटक साहेबांनी तर मतदारसंघातल्या रस्त्यांची यादीच वाचली.

आणि समोर, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या ट्रॅकवर, खेळाडू मुली ओळीने उभ्या. डोक्यावर ऊन. बसायचं नाही, कारण फोटोत ओळ सरळ दिसली पाहिजे. आमच्या डोक्यावर मांडव होता, टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या. खेळ कुणाचा आणि सावली कुणाला!

मलाही बोलायचं होतं. मुलींच्या पायांतल्या ताकदीवर मी वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

मुलींची तीन हजार मीटरची शर्यत सुरू झाली तेव्हा बारा वाजून गेले होते. वेळापत्रकात ती साडेनऊला होती. मशाल घेऊन पळालेली मुलगीही त्या शर्यतीत होती. तिचं नाव काजल, जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरची. गेल्या वर्षी या शर्यतीत ती पहिली आली होती, म्हणून यंदा मशालीचा मान तिचा.

माइकवरून सांगत होते, पहिल्या दोघीच राज्य स्पर्धेला जाणार. काजलचं एकोणीस वर्षांखालच्या गटातलं हे शेवटचं वर्ष.

साडेसात फेऱ्या. पहिल्या सहा फेऱ्या ती सगळ्यांच्या पुढे होती. पळणं असं, की वाटावं हिला जमीनच पुढे ढकलतेय… मग शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि तिचा उजवा पाय आखडला. पोटरीत गोळा. एक जण पुढे गेली. वळणावर दुसरी गेली. काजल थांबली नाही, लंगडत तिसरी आली. दुसरीच्या पाठीला हात लागेल एवढंच अंतर होतं.

माझं डोकंच फिरलं. तशीच खाली उतरले आणि संयोजकांना गाठलं. म्हटलं, खेळाडूंना तीन तास उन्हात उभं करून तुम्ही कुणाची स्पर्धा घेताय? सत्कारांची? ते गुच्छाची पिन काढत म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांचा मान ठेवायला लागतो की. उद्या तेच नावं ठेवतील."

मी आणखी चढ्या आवाजात बोलत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "आवं मॅडम, त्यास्नी कशाला बोलताय?"

काजलचे चुलते होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पुतणीला तेच शिकवतात, रोज पहाटे तिच्या मागं सायकलवर असतात.

"मशाल तीन येळा पळवली तिला," ते म्हणाले. "पयली नवाला, टायमाला. दुसरी सायेब आलं तवा. अन् तिसरी तुमी आला तवा. तुमी ऱ्हायला हुता न्हवं."

मी म्हटलं, माझ्यासाठी?

"व्हय. आमच्या पलटणीत नऊ म्हंजे नऊ. हितं नऊ म्हंजे पाहुणा यील तवा."

ज्या फेरीवर मला काटा आला होता, ती तिची तिसरी होती. माझे पोहे, माझा दुसरा चहा… त्याची किंमत त्या पोटरीने मोजली होती. आणि वर ताकदीवर व्याख्यान ऐकवलं मी तिला, उन्हात उभं करून.

काजल मातीत बसून पोटरी चोळत होती. मी शेजारी बसले, चुकले म्हणाले. ती रडत नव्हती. नाक पुसून म्हणाली, "मॅडम, मशाल ज्याला नंतर पळायचं न्हाई त्याच्या हातात द्यावी की. सायेबांच्या द्या. लय दम हाय त्यांच्यात, पाऊण तास बोललं."

चुलते हसले. मीही हसले, पण निकाल हसण्याने बदलत नाही. तिचं राज्य गेलं ते गेलंच.

तो व्हिडिओ मी काढून टाकला आहे. बदाम पाठवणाऱ्यांनी राग मानू नये. संयोजकांना पत्रही लिहिलंय: आधी शर्यती, मग आम्ही. आणि ज्योत न्यायचीच असेल तर पाहुण्यांनी न्यावी. यापुढे शर्यतीआधी मी मैदानावर माइक हातात घेणार नाही. ज्यांना वक्ता हवा असेल त्यांनी संध्याकाळी बोलवावं, बक्षिसं वाटून झाल्यावर.

निघताना चुलते म्हणाले, "फुडल्या म्हैन्यात सांगलीला खुल्या गटात पळणार हाय ही. सकाळी सात. या बगायला. भाषाण न्हाई, आदीच सांगतो."

त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. मला मैदानावर इतक्या सरळ शब्दांत कुणी बोलावलं नव्हतं.

साडेसहाला जाऊन बसणार आहे… खाली, फक्कीच्या रेषेजवळ.