पडीक जमिनीची तूर

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल, तर ‘पूर्ववत’. त्याआधी उर्दू दफ्तरात ‘हस्बे साबिक’ लिहीत असे. अर्थ एकच, मागल्या वर्षी होतं तसंच.

रीत अशी होती की पटवाऱ्यानं गावची शेतं पायी फिरायची, कोणत्या नंबरात काय पेरलंय, गायरान किती, पडीक किती, याचा तक्ता भरून पाठवायचा आणि आम्ही कारकुनांनी तो मोठ्या वहीत उतरवायचा. प्रत्यक्षात पटवारी चावडीतून उठत नसे आणि आम्ही त्याचा तक्ता उघडत नसू. मागल्या वर्षीचं पान पाहून पहिल्या ओळीत ‘हस्बे साबिक’ लिहायचं आणि खाली पानभर उभी रेघ ओढायची. बाहेर माळ फुटत होते, गायरानं नांगरली जात होती, बाजरीच्या जागी कपाशी येत होती. आमच्या वहीत मात्र सगळं जागच्या जागी होतं.

मग हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. मराठी जिल्हे शेजारच्या राज्यात जाणार, त्यांची दफ्तरंही तिकडे जायची, पण तिकडच्या साहेबांना उर्दू कुठून येणार? तेव्हा प्रत्येक गावची वही चालू सालच्या तक्त्याशी ताडून मराठीत स्वच्छ उतरवून पाठवायचा हुकूम निघाला. उर्दू वाचणारे आणि मराठी लिहिणारे आम्ही कचेरीत मोजून चौघे. पुढं वर्ष उलटून गेलं तरी ते काम संपेना. बोटांना घट्टे पडले, मान आखडली. घर काचीगुड्यात, कचेरीपासून सायकलीनं अर्धा तास. घरी पोचलं की आईशीसुद्धा बोलावंसं वाटत नसे.

आमचे पेशकार, म्हणजे कारकुनांचे वरिष्ठ, भले गृहस्थ होते. मी एखाद्या तक्त्यावर अडून बसलो की पानाची पिंक टाकून येत आणि म्हणत, “कायकू दिमाग खपा रै मियाँ? हस्बे साबिक मारो, आगे बढ़ो. ये गाँवाँ अब अपने हैच नै.” त्यांचं खरंच होतं.

संक्रांत झाली की माझे मामा गावाहून यायचे. मनमाडच्या गाडीनं काचीगुड्याला उतरायचे, खांद्यावर तुरीच्या डाळीचं गाठोडं. आमच्या घरात वर्षभर तीच डाळ शिजे. ही तूर ज्या जमिनीत यायची तो मुळात नुसता धोंड्यांचा माळ. मामा-मामींनी तिथले दगड वेचण्यात दहा वर्षं घातली होती. सरकारची तोंडी परवानगी होती, सारा भरला जात होता, पण वहीत ती जमीन सरकारी पडीकच राहिली होती. कुणामुळे ते वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी मामा डाळीचं गाठोडं ठेवून पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसले.

“भाच्या, मव्हं एकच काम हाय. पटवाऱ्याला म्या हाताला धरून वावरात उभा केला. यंदाच्या कागदावर त्यानं तूर लिवलीय, मव्हं नाव लिवलंय. त्यो कागद तुह्या कचेरीत आलाय. तू निस्ता उघडून बघ. मागल्या सालचं बघू नको, यंदाचं बघ.”

“बघतो मामा,” मी म्हणालो.

“दफ्तर एकदा तिकडं गेलं की आपल्याला कोन इचारतंय?”

“म्हटलं ना, बघतो.”

जरा तुसडेपणानंच म्हणालो. दमलो होतो. मामा हसले आणि मग कुठे पाणी प्यायले.

त्यांच्या तालुक्याचा गठ्ठा माझ्याकडे आला तो दीड महिन्यानं. साहेबांनी संध्याकाळची गाडी गाठायला सांगितली होती आणि माझ्यासमोर अठरा गावं पडली होती. मी मुद्दाम काही केलं नाही, हे आजही सांगतो. पण हाताला वळण पडलं होतं. गावाचं नाव वर लिहिलं, त्या नावाशी क्षणभर थबकलोही असेन, तेवढ्यात पेशकारांनी हाक मारली. परत आलो, टाक बुडवला, ‘पूर्ववत’ लिहिलं आणि रेघ ओढली. गठ्ठा बांधला. लाखेची मोहोर मीच लावली.

घरी आईनं ताट वाढलं. वरण-भाताचा पहिला घास तोंडात घेतला आणि माझा हात थांबला. हे वरण ज्या जमिनीचं, तिथे काही पिकत नाही असं मी दुपारी लिहून आलो होतो. आईनं विचारलं, “खारट झालं का रे?” मी नाही म्हणालो आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी धावत गेलो. गाडी केव्हाच गेली होती. पटवाऱ्यांचे तक्ते स्वच्छ प्रत झाली की फाडून टाकायचे असा नियम होता, आणि नेमका तो नियम आमच्याकडे कडक पाळला जाई. पेशकारांना सांगितलं तर म्हणाले, “जाने दो मियाँ, वहाँ वाले देख लेते.” मला तेवढाच आधार हवा होता. पत्र लिहू, अर्ज करू, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. त्या वर्षांत तूर येत राहिली आणि मी ती खात राहिलो.

तिसऱ्या वर्षी मामा आले ते रिकाम्या हातानं. तिकडच्या नव्या साहेबांनी वही पाहिली होती. पडीक म्हणून त्या माळावर सरकारी झाडं लावायचं ठरलं, चर खणले गेले. मामा तालुक्याला खेटे घालून थकले, तिथे एकच उत्तर, हैदराबादच्या कागदात पडीक आहे. जुना तक्ता मिळतो का ते विचारायला ते आले होते. नाही, म्हणून मी सांगितलं. ते खरं होतं.

मामांना गाडीवर पोचवायला निघालो तेव्हा आईनं माझ्या हाती पिशवी दिली, घरात डाळ संपली होती. आम्ही बेगम बाजारातून स्टेशनवर जायचं ठरवलं. मामांनी तीन दुकानांत पोत्यात हात घातला, दाणा दाताखाली धरला आणि प्रत्येक ठिकाणी मान हलवली. चौथ्या दुकानात डाळ घेतली. पिशवीचं तोंड बांधता बांधता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तवा तू त्यो कागद बघितला व्हता ना?”

“बघितला होता मामा.”

“मंग तुह्याकडून काय कमी नाय,” ते म्हणाले. “तिकडच्यांनीच घोळ केला. तू जिवाला लावून घेऊ नको.” आणि पिशवी मला उचलू न देता स्वतःच खांद्यावर घेतली.

पुढं मामा गेले, मामी गेल्या. माझी उरलेली नोकरी आकडे मांडण्यात गेली. काचीगुड्यापलीकडची भातखाचरं माझ्या डोळ्यांदेखत घरांखाली गेली आणि आमच्या कागदावर तिथे कित्येक वर्षं भात पिकत राहिला. आता देशातली शेतजमीन कशी बदलत गेली यावर नात काहीतरी लिहिते आहे. तिला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून परवा मामांच्या जिल्ह्याचा एक जुना छापील मराठी तक्ता माझ्यापुढे धरून विचारत होती, “आजोबा, ह्या डिस्ट्रिक्टमधली पडीक जमीन इतकी वर्षं सेम कशी? तिथं कुणी काही ट्रायच नाही केलं का?”

मी चष्मा शोधत असल्याचं सोंग केलं. तो माझ्या डोळ्यांवरच होता.