पुडी आणली काय?

शाळा सोडून मी कोकणातून अमरावतीला कामाला आले. इथं मनी मांजरीशिवाय माझं कोणी नव्हतं. एका दुपारी तिच्या तोंडाला फेस आला. जवळ उंदराच्या औषधाची फाटकी पुडी पडली होती. दुधानं विष उतरतं म्हणतात, म्हणून तिला नि दुधाची वाटी घेऊन दवाखान्यात जायला मी शेअर ऑटोत शिरले.

आत बसलेल्या बाईनं वाटीच काढून घेतली. "काही पाजू नको वं! पुडी आणली काय? डॉक्टरले दाखवा लागते."

पुडी खोलीवरच राहिली होती. तिनं ऑटो मागं वळवायला लावला. मनीला स्वतःच्या पदरात धरलं. तिचा उतरायचा चौक गेला, तरी उतरली नाही.

"मांजर कोणाची?" डॉक्टरांनी विचारलं. मी रडत पुडी पुढं केली.

"आमची हाय," बाई म्हणाली.

मनी वाचली. बाई पुन्हा दिसली नाही. पण या शहरात मला 'आमची'मध्ये धरणारी ती पहिलीच.