गप्प पंच

भाचा कामाला लागला त्या दिवशी सगळ्यांदेखत तिला ‘आत्या’ म्हणाला, आणि ती सगळ्या कारखान्याची आत्या झाली. भाचा चार महिन्यांत नोकरी सोडून गेला, नातं मात्र तिथंच राहिलं. मालकीणबाईसुद्धा तिला आत्याच म्हणायच्या, आणि त्या तर तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या.

कारखान्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वास देणारी यंत्रं बनत. यंत्राच्या पोटात एक तळहाताएवढा बोर्ड. त्यावर दोन अगदी सारखे भाग, सगळे त्यांना जुळ्या म्हणत. हवा कधी सोडायची, किती सोडायची, याचं गणित दोघी एकाच वेळी करत. दोघींची उत्तरं ताडून बघणारा तिसरा, मुगाएवढा भाग म्हणजे पंच. उत्तरं जुळली की हिरवा दिवा. एक जरी चुकली तरी लाल दिवा, घंटा, आणि नर्स धावत येणार.

आत्याचं काम तपासणीचं. बोर्ड जोडायचा, पुढं रबरी फुप्फुस लावायचं, ते फुगताना-बसताना तासभर बघायचं आणि कागदावर सही करायची. शाळा तिची सातवीत सुटली होती, पण कथलाचा डाग कच्चा की पक्का हे ती भिंगाला डोळा लावायच्या आधी सांगायची. सव्वीस वर्षांत तिच्या सहीचा बोर्ड कधी परत आला नव्हता. हे ती कुणाला सांगत नसे. सांगायची गरजच पडत नसे.

त्या मंगळवारी चाळीसच्या खेपेतला बारावा बोर्ड तिच्या टेबलावर होता. फुप्फुस झकास चाललं होतं, दिवा हिरवागार. सहीला पेन उचललं आणि सवयीनं भिंगातून एक नजर टाकली. एका जुळीच्या पायाशी डागाला केसाएवढी चीर. तिनं काडीनं तो पाय उचलला. आता ही जुळी चुकणारच.

दिवा हिरवाच.

दुसऱ्यांदा उचलला. हिरवाच. जुळी चुकत होती, आणि पंच मान डोलवत होता. तो मेला होता. मेलेल्या पंचाचा दिवाही हिरवाच दिसतो, हे सव्वीस वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पंच बोलतो का, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आणि या खेपेला पंच नव्या पाकिटातले होते. त्यातले पहिले अकरा बोर्ड यंत्रांत बसून कालच तिच्या सहीनिशी इस्पितळात गेले होते.

ती तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेली.

“ते अकरा परत बोलवा.”

“आत्या, सह्या तुमच्याच ना?”

“माझ्याच. म्हणून तर खोडायला मी आले.”

मालकीणबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि फोन उचलला. पण इस्पितळानं सांगितलं, यंत्रं बाळांना लागलेली आहेत. एकेक बाळ सुटेल तसं एकेक यंत्र देऊ. चार-पाच दिवस लागतील.

आराखडा काढणारा तरुण इंजिनिअर डोकं धरून बसला. “पुढच्या बोर्डांत पंचाची परीक्षा घालतो म्हटलं, तर काम थांबवावं लागतं, आत्या. बाळाचे श्वास मिनिटाला चाळीस. त्यात थांबून कसं चालेल?”

आत्यानं पिशवी उचलली. ती घरी गेली.

घरी तिचे बाबा होते. एकेकाळचे गणिताचे मास्तर. आता कधी लेकीला आई समजत, कधी शेजारीण. संध्याकाळी ती त्यांना भात भरवत होती. एक घास गिळून झाला आणि दुसरा चमचा तोंडाशी पोचायच्या आत ती म्हणाली, “बाबा, सात नव्वे चौसष्ट ना?”

“त्रेसष्ट!” बाबा कडाडले. “कुठल्या गाढवानं शिकवलं तुला?”

“तुम्हीच.”

“मग तू झोपली असशील,” म्हणत त्यांनी आ केला, आणि चमचा आत गेला.

हे ती रोज करायची. मुद्दाम चुकायची. बाबा खेकसले की त्यांचं डोकं अजून जागं आहे म्हणून तिचा जीव भांड्यात पडायचा. जेवण एक घासभरही लांबत नसे. त्या दिवशी मात्र चमचा वाटीतच राहिला आणि ती स्वतःशीच हसली.

सकाळी तिनं इंजिनिअरला गाठलं. “हवा आत गेली की बाहेर यायला वेळ लागतो. तेवढ्यात जुळ्या काय करतात?”

“काही नाही. बसून असतात.”

“मग त्या फटीत पंचाला एक खोटा आकडा दे. मुद्दाम.”

“आणि दर श्वासाला घंटा वाजेल त्याचं काय?”

“तेवढ्यापुरती घंटा धरून ठेव की, बाळा. पंच ओरडला तर गप्प पुढं चाल. नाही ओरडला, तर मात्र घंटा सोड.”

त्यानं कागद ओढला आणि फटीचं गणित मांडलं. “हे माझ्या डोक्यात का नाही आलं?”

“तुझा बाप अजून तरणा आहे.”

दुपारपर्यंत त्यानं ते बसवलं. रबरी फुप्फुस पहिल्यासारखंच चालत राहिलं, एका श्वासालाही उशीर नाही. आत्यानं मेलेला पंच लावून दिला, आणि दुसऱ्याच श्वासाला घंटा अशी कोकलली की इंजिनिअरच्या हातातला चहा सांडला.

यंत्रं येत गेली. एक, तीन, सात, दहा. दहाही पंच जिवंत निघाले. अकरावं शनिवारी आलं. आत्यानं दार लावून घेतलं आणि तपासलं. पंच मेलेला.

म्हणजे पाच दिवस एक जीव नुसत्या जुळ्यांच्या भरवशावर श्वास घेत होता. एकीनं जरी चूक केली असती, तरी कुणाला कळलं नसतं. तिनं वॉर्डात फोन लावला.

“अकरा नंबरच्या यंत्रावर होतं ते बाळ?”

“दीड किलोचं? पहाटेच काढलं यंत्रावरून,” नर्स म्हणाली. “आता आपलं आपण श्वास घेतंय. पण रडून रडून वॉर्ड डोक्यावर घेतलाय हो.”

आत्या टेबलाशी खाली बसली.

“रडू दे गं,” ती म्हणाली. “जरा फोन त्याच्याजवळ धरतेस?”