खंडेनवमीच्या शांततेत

सुप्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी कार्डावर उघडणारी कुलपं बनवते. ती तपासणं हे माझं काम. अशा कुलपात एक गुप्त किल्ली असते, म्हणजे नुसते आकडे. कार्ड लावलं की आतली चिप त्या आकड्यांचा हिशेब करते आणि आकड्यागणिक वीज किंचित कमी-जास्त खाते. ती वीज बारकाईनं मोजली, तर कुलूप न फोडता किल्ली कळू शकते. म्हणून मी चोराच्या जागी बसून मोजतो. कित्येक दिवस मोजलं. आलेखात नुसता गोंधळ, किल्लीचा मागमूस नाही. पहिली खेप पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात बसलीसुद्धा. माझी मुलगी तिथंच राहते.

खंडेनवमीला सकाळी सगळी यंत्रं बंद करून हळदकुंकू वाहिलं. माझ्या मोजणीच्या यंत्रालाही झेंडूची माळ घातली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. पण फुलांचं पाणी आत गेलं की काय, या शंकेनं मी ते सुरू करून पाहिलं.

आलेख स्वच्छ होता. शेजारच्या शेडमधले पत्रा दाबणारे प्रेस थांबले होते, एवढाच फरक. इतके दिवस किल्ली झाकली होती ती त्या प्रेसमुळे विजेत येणाऱ्या खरखरीनं. चोराच्या घरी प्रेस नसतो. दुपारपर्यंत किल्लीचे आकडे एकामागून एक पडद्यावर आले. आणि ही एकच मास्टर किल्ली सगळ्या कुलपांत होती.

बाहेर साहेब दुसऱ्या खेपेच्या टेम्पोपुढे नारळ फोडत होते.

"टेम्पो थांबवावा लागेल," मी म्हणालो.

"हार घातलेली गाडी माघारी घेऊ? सणाच्या दिवशी यंत्र चालवलंत, वर अपशकुनही तुम्हीच करा."

"आत येऊन बघा."

त्यांनी खरी किल्ली काढून आकडे स्वतः जुळवले. मग खालच्या आवाजात विचारलं, "हे आणखी कोणाला जमेल?"

"असं यंत्र बाजारात मिळतं. दाराचं एक कुलूप काढून नेलं की पुरे."

टेम्पो रिकामा करायला सांगून ते म्हणाले, "बसवलेल्या कुलपांचं परवा बघू. उद्या दसरा, वसतिगृहात कोण भेटणार?"

मी मुलीला फोन लावला.

"दाराला आतून कडी आहे का गं?"

"आहे, पण गंजलीय. कोणी लावत नाही. आणि कुलूप तुमच्याच कंपनीचं आहे की, बाबा."

"म्हणून तर विचारतोय. लाव बघू. मी फोन धरतो."

लोखंड ओढल्याचा आवाज आला. परत आला. कडी बसत नव्हती.