यादीतलं धुरपताचं नाव

वसमतला लेकीकडे होते. सकाळी विलासचा फोन आला. "बाई, याडी गेली," एवढंच म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. त्याची याडी म्हणजे माझी धुरपता. अंगणवाडीच्या दारात चक्कर आली म्हणून बसली, ती उठलीच नाही. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं तुमचं? काय नातं सांगावं, मला सुचेना...

सेनगाव तालुक्यातल्या त्या तांड्यावर मी अठरा वर्षं शिक्षिका होते, आणि भिंतीपलीकडे धुरपता राठोड अंगणवाडी सेविका. तिनं सांभाळलेली लेकरं माझ्याकडे पहिलीत यायची. कोणतं लेकरू कोणत्या सणाच्या आगेमागे जन्मलं, हे तिला तोंडपाठ असायचं. मी शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याची सून, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तरी मी तिला सहज 'तू' म्हणायचे आणि ती मला शेवटपर्यंत 'तुमी'. हे तेव्हा कधी खटकलं नाही. आता खटकतं.

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. दारांना कुलपं लागतात, मागे म्हातारी माणसं उरतात. गेल्या हंगामात नेमकी तेव्हाच मतदार यादीची पडताळणी आली. नवा नियम असा, की जो घरी सापडणार नाही त्याचं नाव निघणार. परत हवं तर त्यानं कागदपत्रं घेऊन स्वतः सुनावणीला यायचं. मी ती बातमी वाचून पान उलटलं होतं. धुरपता मात्र त्या नियमाचा कागद घेऊन माझ्या घरी आली, दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "पोट भरायला गेलेलं माणूस गाव सोडून गेलं, असं कुठं असतंय का बाई?"

नियम मागे घ्यावा, असा ठराव तिनं ग्रामसभेत मांडला. कोणीतरी म्हणालं, ऊसतोडवाल्यांना मताचं काय पडलंय. ती चिडली नाही. तांड्यात नळ आला तो मतं मागायला आलेल्यांना आपण अडवून विचारलं म्हणून, नाव गेलं तर आपल्या दारात कोण कशाला येईल, असं तिनं शांतपणे सांगितलं. ठराव झाला. तो मी लिहिला. वर पाठवला, त्याचं उत्तर काही आलं नाही.

मग माणसं येऊ शकत नाहीत तर अर्जच त्यांच्याकडे न्यावेत, असं ठरवून ती रजा टाकून एसटीनं निघाली. मला चला म्हणाली. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखत होते हे खरं, पण याचा काही उपयोग होणार नाही असं मला वाटत होतं, हे त्याहून खरं. चार दिवस ती उसाच्या फडांवरून हिंडली आणि सह्या-अंगठ्यांचा गठ्ठा घेऊन परतली. त्याच चार दिवसांत पडताळणीवाले तिच्या दारी येऊन गेले होते. विलास कामानिमित्त पुण्याला, घराला कुलूप. तिच्या नावापुढे शेरा पडला, 'स्थलांतरित'.

सुनावणीला मात्र मी तिच्याबरोबर गेले. अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. अर्ज चालतील, पण माणूस समोर हवा, म्हणाला. धुरपतानं अंगणवाडीची जुनी रजिस्टरं पुढे ठेवली. "सायेब, ह्यातल्या निम्म्यांचं पहिलं वजन मी केलंय. मी सांगून राहिले, ही इथलीच हायेत." त्यानं रजिस्टर उघडलं, थोडं वाचलं आणि हा पुरावा नियमात बसत नाही म्हणून परत दिलं. जे फड सोडून येऊ शकले त्यांची नावं परत आली, बाकीच्यांची गेली ती गेलीच. स्वतःचा अर्ज तिनं सगळ्यात शेवटी दिला.

मतदानाच्या दिवसापर्यंत त्याचा निकाल लागला नव्हता. तरी ती नवं लुगडं नेसून रांगेत उभी राहिली. यादीत नाव नाही म्हणून तिला बाजूला व्हायला सांगितलं. हुज्जत न घालता ती बाहेर आली आणि दुपारपर्यंत म्हाताऱ्यांना हाताला धरून केंद्रापर्यंत आणत राहिली. नंतर शाळेच्या पायरीवर बसली आणि रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "बाई, माझ्याच तांड्यात मी पाहुणी झाले आज," म्हणाली. माझ्या बोटावरची शाई मी पदराखाली घेतली...

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. तेराव्यानंतर विलास एक कागद घेऊन आला. तिचा अर्ज मंजूर झाला होता, पुरवणी यादीत नाव आलं होतं. आम्ही दोघं ते नाव बघत बसलो. मग तो म्हणाला, आता हे काढावं लागेल ना? त्याच्यानं लिहवत नव्हतं. यादी खरी असावी म्हणून जी इतकी झिजली, तिचं नाव खोटं ठेवणं मलाही पटेना. नाव वगळण्याचा अर्ज मी भरला. 'कारण' या शब्दापुढे 'मृत्यू' लिहिलं.

कार्यालयात मृत्यूचा दाखला जोडून दिला. कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, झालं, या आता. सुनावणी नाही, दुसरा कागद नाही. मी तिथंच उभी राहिले. त्यानं काहीतरी विचारावं, असं वाटत होतं. ही कोण, कुठली, इथं किती वर्षं राहिली... मला सगळं माहीत होतं. त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.