शिस्तीवरचा निबंध

चौथ्या उत्तरपत्रिकेतही तेच जहाज निघालं, तेव्हा मी लाल पेन खाली ठेवलं.

"राष्ट्राला शिस्त म्हणजे जहाजाला सुकाणू." पहिल्या पेपरात हेच वाक्य, दुसऱ्यात हेच, तिसऱ्यातही हेच. इंग्रजी एकदम सफाईदार. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

मी पनवेलच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मामलेदाराच्या दर्जाच्या जागांसाठी राज्याची एक स्पर्धा परीक्षा होती. तिच्यासाठी मला परीक्षक नेमलं होतं. परीक्षेचा साचा साधा होता. एक निबंध. एक प्रेसी, म्हणजे लांबलचक उतारा एक-तृतीयांशात आणायचा. एक सामान्यज्ञान. ते सगळं पार पडलं की तोंडी. पेपर इंग्रजीत, कारण साहेब गेला तरी त्याचा पेपर राहिला होता. निबंधापुढे अभ्यासक्रमात छापलं होतं, 'उमेदवाराची स्वतंत्र विचारशक्ती पाहण्यासाठी.' विषय होता शिस्त.

स्वतंत्र विचारशक्ती गठ्ठाभर होती आणि सगळी एकसारखी होती.

संध्याकाळी बाजारात उस्मानभाईंच्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी एक पिवळ्या कव्हरचं गाइड पुढे केलं.

"हीच किताब, मास्तरसाब. परीक्षेवाली पोरं दुसरं काही मागतच नाहीत. मूळ पुस्तकं माझ्याकडे धूळ खातात."

"लिहिलंय कोणी?"

"नाव कुठाय? 'एक अनुभवी परीक्षक', बस."

गाइड विकत घेतलं. शिस्तीचा निबंध पहिलाच होता, जहाजासकट.

दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात एक वेगळाच पेपर निघाला. इंग्रजी लंगडं. 'ए' आणि 'द' वाटेल तिथे पडलेले. पण मी तो दोनदा वाचला आणि मग बायकोला हाक मारली. तिचं माहेर उरणकडचं. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मराठीत सांगितला.

त्यानं लिहिलं होतं: आमच्या गावात खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध आहे. उधाणाला बांध फुटला की सगळं गाव चिखल घेऊन धावतं. ज्याचं शेत लांब आहे तोही येतो. कोणी हुकूम देत नाही. जो येत नाही त्याच्या घरच्या लग्नाला पुढे कोणी जात नाही. ही एक शिस्त. दुसरी सरकारी. ओव्हरसियर येतो, टेप लावतो आणि साहेबांच्या सहीसाठी परत जातो. सही येते तेव्हा भात खारं झालेलं असतं.

बायको म्हणाली, "अहो, हा मुलगा त्या चिखलात उभा राहिलेला आहे."

"इंग्रजी कच्चं आहे गं त्याचं."

"मग मामलेदार झाल्यावर बांधाशी इंग्रजीत बोलणार आहे का तो?"

मी त्याला बासष्ट मार्क दिले. जहाजवाल्यांना पस्तीसच्या वर जाऊ दिलं नाही. पास व्हायला चाळीस लागत.

आठवड्याभरात मुंबईला बोलावणं आलं. मुख्य परीक्षक एका कॉलेजचे प्रोफेसर होते. अंगावर सूट, मे महिन्यात. परीक्षकांनी दिलेले मार्क एका मापात आणायचे, याला ते 'मॉडरेशन' म्हणत. टेबलाभोवती आम्ही पाच-सहा परीक्षक आणि मध्ये बिस्किटं.

"पनवेल," ते म्हणाले. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं. "तुम्ही उत्तम पेपर नापास केलेत."

"पाठ केलेले आहेत, सर. सगळे एकच."

"निर्दोष इंग्रजी आहे. आणि या बांधवाल्याला बासष्ट? अहो, व्याकरण नाही. वर सरकारवर टीका. सरकारी नोकरीच्या परीक्षेत!"

"स्वतंत्र विचार पाहायचा, असं अभ्यासक्रमात आहे."

"विचार असावा. असा नसावा."

मी जहाजाचा एक पेपर उचलला. "ऐका, सर." मोठ्यानं वाचू लागलो. सुकाणू झालं, वादळ झालं, कप्तान झाला. चौथं वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. मुलाला पुढचं आठवलं नव्हतं. त्यानं सरळ नवा परिच्छेद धरला होता. मी थांबलो.

सरांना आठवलं. डोळे मिटून, हात किंचित हलवत त्यांनी ते वाक्य पुरं केलं आणि त्याच्या पुढचंही म्हणून टाकलं.

मी पिशवीतून पिवळं गाइड काढलं, पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. शब्द न् शब्द जुळत होता. शेजारचे दोघे परीक्षक चहात बघू लागले. एका म्हाताऱ्या परीक्षकांना बिस्किटाचा ठसका लागला.

मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. छे!

"हो, माझंच आहे," ते म्हणाले. "मुलांना चांगले नमुने मिळावेत म्हणून लिहिलं. तुमच्या शाळेतही लावा."

मग त्यांनी माझे बासष्ट खोडून तीस केले. जहाजवाले सगळे साठीत गेले. मी म्हटलं, "मी सही करणार नाही." कोपऱ्यातल्या क्लार्कनं मान वर केली आणि अगदी सौजन्यानं सांगितलं, "तुमची सही लागत नाही, सर. फक्त प्रवासभत्त्यावर लागते."

प्रवासभत्त्यावर मी सही केली. ठाण्यावरून फिरत येणाऱ्या एस.टी.नं पनवेलला परतलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "बांधवाल्याचं काय झालं?" मी सांगितलं. जेवण वाढताना तिनं भातवाढी जरा जोरात आपटली.

त्या मुलाचं नाव मला कधीच कळलं नाही. पेपरावर नुसता नंबर असे आणि निकालात तो नंबर नव्हता. परीक्षक म्हणून मला पुन्हा बोलावलं नाही.

पुढं कोणीतरी तक्रार केली असावी. घोकंपट्टी बंद करण्यासाठी अभ्यासक्रम बदलायची समिती नेमली गेली. अध्यक्ष तेच प्रोफेसर. निबंध छोटा झाला आणि 'ग्रामीण प्रश्न' नावाचा नवा पेपर आला. त्याचं छापील परिपत्रक शाळेत पोचलं त्या दिवशी मी उस्मानभाईंकडे गेलो. नव्या पेपराचं गाइड काउंटरवर आलेलं होतं. या वेळी कव्हर हिरवं होतं.

आता कोणी विचारायला आलं, की मास्तर, या परीक्षेचा अभ्यासक्रम काय, तर मी एवढंच सांगतो: अभ्यासक्रम नंतर वाच. आधी पेपर कोण तपासतो ते बघ.