मोठ्या सरांचे नाचरे तांदूळ

पहिली-दुसरी शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही हो! ते रोज दप्तर घेऊन वर्गात येऊन बसतात. मुलचेऱ्याकडची आमची दोनशिक्षकी शाळा. एक मी, दुसरे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर. त्यांना शाळा हवी चूप! आणि मी नेमकं डबे-फुगे आणून शिकवायला घेतलं, आवाजानं वस्तू कशी थरथरते आणि हलते.

सरांनी सोमवारीच बजावलं, "मॅडम, शुक्रवारी साहेब तपासणीले येऊन राह्यले. त्यायच्यासमोर काही हललं तर ठीक. नाई तर हे डबे-फुगे बंद. मंग तुम्ही अन् तुमची बाराखडी!"

मला धडकीच भरली. वर्षभर नुसती बाराखडी घोकायची म्हणजे पोट्ट्यांच्या आधी मीच झोपणार!

*

पहिलाच प्रश्न विचारला, "सांगा, आवाजानं काय हलते?"

अख्खा वर्ग ओरडला, "डुक्कर!"

धानात रानडुक्कर शिरलं की यांच्या घरी टिन बडवतात अन् डुक्कर धूम ठोकतं. चूक कुठं आहे?

"बरोबर," मी म्हटलं, "पण ते भिऊन पळते. न भिता काय हलते, ते पाहू."

*

रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बसवला आणि वर तांदळाचे दाणे टाकले. जवळ जाऊन ओरडलं की दाणे टणटण उडतात. त्या दिवशी काही उडेना. पाहते तर डब्यावर दाणेच नाहीत, आणि सगळ्यांची तोंडं चालू!

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला, तांदळाला हळद फासून आणली. खाल्ले नाहीत बापा! पिवळे तांदूळ पाहून पोट्ट्यांनी लग्नच लावलं. खडूचा डबा नवरदेव, डस्टर नवरी. सगळे मिळून "सावधाऽऽन!" असे ओरडले की फुग्यावरचे दाणे उडाले, आणि हातातल्या अक्षता गेल्या थेट दाराकडे. दारात "चूप!" म्हणायला आलेले मोठे सर!

डोक्यावरचे तांदूळ झटकत ते एवढंच म्हणाले, "शुक्रवार ध्यानात ठेवा."

*

मग मी बिनगोंगाटाचा अभ्यास दिला. गळ्यावर हात ठेवून बोला, थरथर लागते. घरी आणखी कोणाचा गळा थरथरतो, पाहून या.

सकाळी दुसरीतल्या सोनीची माय तणतणत हजर. "मॅडम, काऊन शिकवता असं? पोट्टी बकरीचा गळा धरून बसली. म्हणते, बोल! बकरी बोलत नाई, पोट्टी सोडत नाई. मी दूध कवा काढू?"

तिच्या पदराआडून सोनी म्हणाली, "बोलली ना शेवटी! मस्त थरथरते."

*

आता गुरुवारचं सांगते. दुपारी खिचडी खाल्ली की मोठे सर टेबलावर डोकं टेकवतात आणि घोरतात. असे घोरतात की पत्र्यावरची माकडं उठून जातात! मी हात धुवून आले, तर अख्खा वर्ग टेबलाभोवती. सरांच्या नाकाशी डबा, आणि डब्यावर तांदूळ नाचत होते!

रागवायला पाहिजे होतं, कळतं मला. पण मी हळूच म्हटलं, "नीट पाहा अन् वहीत लिहा."

सोनीनं लिहिलं, "सर श्वास घेते तवा तांदूळ बसते. सोडते तवा नाचते."

वही मी कपाटात लपवली.

*

शुक्रवारी सकाळीच साहेब आले. मोठे सर कडक इस्त्रीत. साहेबांच्या खुर्चीपुढं डबा मांडला, दाणे टाकले. "हं, ओरडा मुलांनो!" साहेब म्हणाले.

एरवी छप्पर उडवणारे माझे पोट्टे भिंतीला चिकटले. एकाच्या तोंडून कसाबसा "आ" निघाला. दाणा हलेना. मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं, सांगितलं होतं ना, असं.

साहेब म्हणाले, "काय मॅडम, हे तर हलत नाहीत."

सोनीला राहवलं नाही. "हलतेत साहेब! थोडं थांबा ना, सर अजून जेवले नाई!"

मग अख्खा वर्ग असा खदाखदा हसला, की टणाटण उडून सगळे तांदूळ साहेबांच्या मांडीवर.

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मोठ्या सरांकडे पाहिलं आणि खुर्चीत नीट मागे टेकून मला विचारलं, "मॅडम, खिचडी किती वाजता असते?"